मी उडी मारली नव्हती, मी पडलो होतो: खेळलेल्या गोष्टीचं पुस्तक होतं तेव्हा

नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी लिहून देतोय. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' बरेचसे काढलेत, थोडे राहू दिलेत. ते का राहू दिले, हे शेवटी कळेल.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. ठाण्यात माझ्या घरी आम्ही पाच जण चार वर्षं दर शनिवारी रात्री एक टेबलटॉप रोलप्लेइंग कॅम्पेन खेळलो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार. तो जग उभं करतो, समोर काय दिसतंय ते सांगतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्याने बोलायचं आणि जमतं की नाही ते फासा ठरवतो. बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा. सूत्रधार मी होतो. प्रत्येक शनिवारी काय घडलं ते मी वहीत टिपून ठेवायचो.

कॅम्पेन संपल्यावर ठरवलं, याची कादंबरी करू. घरच्यापुरत्या वीसेक प्रती छापू. लिहून काढली आणि सगळ्यांना पाठवली. तिघांना आवडली. चौथ्याचा फोन आला. त्याचं पात्र नावाड्याचं. शेवटच्या लढाईत तो किल्ल्याच्या दोरावरून खाली जातो आणि वरच्यांना निसटायला वेळ मिळतो. मी लिहिलं होतं की त्याने मित्रांसाठी जाणूनबुजून उडी घेतली. तो म्हणाला, "अरे, मी उडी मारली नव्हती. मी पडलो होतो. एकाचं दान पडलं होतं. आणि नंतर आपण अर्धा तास हसत होतो. ते कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी शोधायला लागलो, की हा प्रश्न आधी कुणाला पडला होता का? पडला होता. पुन्हा पुन्हा.

१९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्याआधी लोक छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाया खेळत. इथे फरक असा, की अख्खी फौज न हलवता तुम्ही एक माणूस व्हायचं. आणि एक माणूस झालात की त्याला आठवणी येतात, भांडणं येतात. म्हणजे गोष्ट आलीच.

दोनच वर्षांत, १९७६ मध्ये, आंद्रे नॉर्टन ही नामवंत लेखिका गायगॅक्सच्या टेबलावर खेळली. १९७८ मध्ये तिची 'क्वॅग कीप' आली. या खेळावर बेतलेली ही पहिली कादंबरी मानतात. नॉर्टनने फासे लपवलेच नाहीत. तिच्या पात्रांच्या मनगटात कडी असतात, कड्यांत फासे बसवलेले, आणि संकट आलं की ते आपोआप फिरायला लागतात. पात्रांना जाणवत राहतं की आपलं नशीब दुसरंच कुणीतरी खेळतंय. ही कादंबरी पुढच्या पुस्तकांइतकी गाजली नाही. पण फाशाचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच पुस्तकाला पडला होता, हे लक्षात ठेवा.

यानंतरचं पाऊल फार मोठं. ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे जोडपं १९८२ मध्ये युटाहून विस्कॉन्सिनला निघालं होतं. खेळाच्या कंपनीत, टीएसआरमध्ये, ट्रेसीला नोकरी लागली होती. त्या लांबच्या मोटारप्रवासात दोघांनी एका जगाची कल्पना रचली, तेच पुढे 'ड्रॅगनलान्स' झालं. खेळायची साहसं आणि कादंबऱ्या दोन्ही सोबत काढायच्या, अशी योजना. कादंबऱ्यांसाठी आधी दुसरा लेखक नेमला होता, ते जमलं नाही. शेवटी कंपनीतली संपादक मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी स्वतःच लिहायला घेतलं. 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' १९८४ मध्ये आलं आणि ही मालिका लाखोंनी खपली.

यातला रेस्टलिन हा आजारी, कडवट जादूगार वाचकांच्या डोक्यात घर करून बसला. त्याचा आवाज कसा? कोरडा, घोगरा, कुजबुजल्यासारखा. हा आवाज लेखकांनी कागदावर शोधलेला नाही. साहसं तपासून बघायला मित्रमंडळी खेळत होती, तेव्हा रेस्टलिन टेरी फिलिप्स नावाच्या खेळाडूच्या वाट्याला आला. त्याच्या हातात होता आकड्यांचा एक कागद. तो तोंड उघडून बोलला ते त्या आवाजात, आणि पात्र तिथेच जन्मलं. मुखपृष्ठावर नावं मात्र दोनच, वाइस आणि हिकमन. लेखकद्वयीने फिलिप्सचं श्रेय लपवलं नाही, पुढे ते उघडपणे सांगितलं. पण मुखपृष्ठाला टेबलाभोवतीची सगळी माणसं मावत नाहीत, हे खरं.

अजून एक गंमत. पहिलं पुस्तक खेळाच्या साहसांना बरंच धरून चाललं आणि लेखकांना ते जाचलं. खेळात एका दालनातून दुसऱ्या दालनात जाणं मजेचं असतं, कारण पुढे काय ते आपल्याला ठाऊक नसतं. पानावर त्याचा हिशोब होतो. म्हणून दुसऱ्या पुस्तकात त्यांनी मधली काही साहसं सरळ ओलांडली. ती गाळलेली गोष्ट पुस्तकात यायला २००६ साल उजाडलं.

आता जपानला जाऊ, कारण तिथे नेमकं उलट झालं. हा खेळ जपानी भाषेत आला १९८५ मध्ये. कॉम्प्युटरवरचे खेळ लोकांना माहीत होते, पण टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचं म्हणजे काय? नियम वाचून ते कळत नाही. म्हणून १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' या मासिकाने एका गटाचा खेळच छापायला सुरुवात केली. नाटकाच्या संहितेसारखा. नाव, पुढे बोलणं. मध्येच फाशाचा आकडा, मध्येच टोमणा. या प्रकाराला 'रिप्ले' म्हणतात. सूत्रधार होते र्‍यो मिझुनो आणि मालिकेचं नाव 'लोडोसचं युद्ध'. तिच्यातली डीडलिट ही एल्फ तरुणी पुढे जपानी फँटसीतलं फार लाडकं पात्र झाली. टेबलावर ती कोण खेळत होतं? हिरोशी यामामोतो, म्हणजे विज्ञानकथा लिहिणारा एक पुरुष! रिप्ले वाचणाऱ्यांना ही मजा मिळते. नुसती कादंबरी वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मिझुनोंनी त्याची कादंबरी केली १९८८ मध्ये. १९९० मध्ये अ‍ॅनिमे आला. पण रिप्ले कादंबरीचा कच्चा खर्डा म्हणून अडगळीत गेला नाही. रिप्लेचीही पुस्तकं निघाली आणि हा जपानमध्ये स्वतंत्र वाचनप्रकार होऊन बसला. तोवर या गटाने अमेरिकन खेळाचे नियम सोडून स्वतःचे नियमही केले होते. तुमच्यापैकी कुणी पुस्तक छापायचं म्हणत असेल तर हेही ध्यानात ठेवा. ड्रॅगन आणि बुटका कुणाच्या मालकीचे नसतात, पण एखाद्या कंपनीने रचलेली शहरं, देव, खास राक्षस तिचे असतात. टेबलावर कुणी विचारत नाही, विकायच्या पुस्तकात विचारतात.

शेवटचं उदाहरण अलीकडचं. टाय फ्रँकने सूर्यमालेतलं एक भविष्यातलं जग रचलं आणि त्यात मित्रांना खेळवलं. डॅनियल अब्राहम हा लेखक त्याच्या टेबलावर आला, टिपणांचा ढीग पाहिला आणि म्हणाला की याची कादंबरी होते. दोघांनी मिळून जेम्स एस. ए. कोरी हे टोपणनाव घेतलं आणि २०११ मध्ये 'लेव्हायथन वेक्स' आलं. त्यात शेड नावाचं एक पात्र आहे. मुख्य मंडळींतलं वाटतं, आणि सुरुवातीलाच अचानक मरतं. वाचक हादरतो. कारण काय, तर शेडचा खेळाडू मूळ खेळ मध्येच सोडून गेला होता! फ्रँक आणि अब्राहमनी तो योगायोग गुळगुळीत केला नाही. ठेवला. म्हणून तो मृत्यू खऱ्यासारखा वाटतो, कारण खरा मृत्यूही कथानकाची सोय बघून येत नाही.

इथे मला माझी चूक कळली. दान फसलं की लेखक म्हणून मला लाज वाटत होती. प्रत्येक गोष्टीमागे हेतू हवा, पडणाऱ्याने उडीच मारलेली हवी, असं मी धरून चाललो होतो. पण तसा हेतू एकट्याने लिहिणाऱ्याकडे असतो. पाच जणांच्या गोष्टीत ऐन वेळी एकाचं दान पडतं आणि उरलेले चौघं त्यातून वाट काढतात. आमच्या त्या रात्री शौर्य नावाड्याचं नव्हतंच. तो पडल्यावर हसणं ओसरलं तेव्हा वरचे तिघं दोर कापून न पळता थांबले. माझ्या कादंबरीत ते पळून गेले होते. एकाला उगाच मोठं करताना मी तिघांना लहान केलं होतं.

मी पुन्हा वही काढली. आता पुस्तक दोन भागांत आहे. मोठ्या लढाया गोष्टीसारख्या सांगितल्यात. शेवटची रात्र मात्र रिप्लेसारखी छापतोय. नाव, पुढे बोलणं, दान, हसणं, सगळं. मुखपृष्ठावर पाचही नावं आहेत. या लेखात काही 'अं' राहू दिलेत तेही त्याचमुळे.

तो भाग मी नावाड्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: "दोर माझा सुटला नव्हता, तू सांगितलंस की तो ओला आहे." वहीत बघितलं. त्याचं बरोबर होतं. दुरुस्त केलं आणि फाइल छपाईला दिली.

तुमच्याकडे अशी वही असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.