गारगोटीला चकाकी: रॉक टम्बलरची माहिती

उन्हाळ्यात लेक सुपीरियरच्या काठी जाऊन आलेल्या घरांत गाडीच्या डिकीत मूठभर खडे हमखास सापडतात. पाण्यात असताना लालबुंद दिसलेले हे खडे घरी येऊन वाळले की मातकट होतात. ती ओली चमक कायमची आणण्याचे काम रॉक टम्बलर नावाचे छोटे यंत्र करते. मुलांना ते वाढदिवसाला भेट मिळते आणि महिन्याभरात बेसमेंटमधल्या अडगळीत जाते, असे आम्ही बऱ्याच घरांत पाहिले आहे. यंत्राचा दोष सहसा नसतो. पहिल्या टप्प्यात घाई होते, आणि ती पुढे कशानेही भरून निघत नाही. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहोत.

यंत्रात रबरी पिंप असते. त्यात दगड, पाणी आणि घासणारी भुकटी घालून झाकण घट्ट लावायचे आणि पिंप दोन रुळांवर आडवे ठेवायचे. मोटर ते रात्रंदिवस हळूहळू फिरवत राहते. नदीत गोटे एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात तसाच हा प्रकार, फक्त महिन्याभरात उरकणारा. थरथरणारी (व्हायब्रेटरी) यंत्रेही मिळतात. ती लवकर काम करतात, पण दगडाचे कोपरे गोल करीत नाहीत. घरगुती कामाला तीन पौंडांचे फिरते पिंप पुरते. आवाज सतत येतो, त्यामुळे झोपण्याच्या खोलीजवळ ते नको. मिनेसोटा-मिशिगनकडच्या मंडळींनी थंडीत ते गॅरेजमध्येही ठेवू नये, कारण आतले पाणी गोठते.

कोणते दगड घालावेत?

एका पिंपात सारख्या कठीणपणाचे दगड हवेत. मोहस् मोजपट्टीवर अकीक (अगेट), जॅस्पर आणि आपली गारगोटी साडेसहा ते सात येतात. हे तिन्ही एकत्र चालतात. पोलादी चाकूच्या टोकाने दगडावर ओरखडा उठला तर तो बाजूला ठेवावा.

लेक सुपीरियरचा लाल अकीक नवशिक्यांसाठी उत्तम. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील पोकळ्यांत तो तयार झाला, लोहामुळे लाल झाला आणि पुढे हिमनद्यांनी दक्षिणेकडे दूरवर पसरवला. 1969 पासून तो मिनेसोटाचे राज्यरत्न आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातले अकीकही असेच लाव्हाच्या पोकळ्यांत जन्मले, फक्त तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्यामानाने अगदी ताजा!

मिशिगनचा पेटॉस्की दगड मात्र या पिंपात घालू नये. तो जुन्या प्रवाळाचा जीवाश्म आहे, कठीणपणा जेमतेम तीन. अकिकाबरोबर फिरवला तर त्याचा चिखल होईल. तो हाताने पॉलिश पेपरवर घासावा. नाशिक-पुण्याकडून आणलेले स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइटचे स्फटिकही असेच नाजूक. ते मऊ असतात आणि थरावर फुटतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते जसे काचेआड ठेवले आहेत, तसेच आपल्या घरीही शोकेसमध्येच शोभतात.

दगड कुठून उचलले याचाही विचार हवा. राष्ट्रीय उद्यानांत आणि पिक्चर्ड रॉक्ससारख्या नॅशनल लेकशोअरमध्ये खडे उचलण्यास मनाई आहे. मिनेसोटाच्या स्टेट पार्कमध्येही तेच. मिशिगनमध्ये राज्याच्या जमिनीवरून माणशी वर्षाला 25 पौंडांची मर्यादा आहे. खाजगी जागेत मालकाला विचारावे. मुलांना हे आधीच सांगितले की परत निघताना रडारड होत नाही.

चार टप्पे

भुकटी, म्हणजे ग्रिट, सिलिकॉन कार्बाइडची असते. आकडा मोठा तितकी ती बारीक. पहिला टप्पा 60/90, दुसरा 120/220, तिसरा 500 आणि चौथा पॉलिशचा. पॉलिशसाठी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा आपला कुरुंदच, धार लावणाऱ्याच्या चाकातला.

पिंप दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरावे, त्यात लहानमोठे दगड मिसळावेत. पाणी वरच्या दगडांच्या जरासे खाली असावे. तीन पौंडी पिंपाला जाडी भुकटी साधारण चार टेबलस्पून लागते. आठवड्याने उघडून दगड धुवावेत आणि पुसून, पूर्ण वाळवून पाहावेत. ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नये. खड्डे, चिरा, धारदार कोपरे दिसले तर तो दगड पुन्हा जाड्या भुकटीत. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना पाच. बारीक भुकटी आकार बदलत नाही, ती फक्त आधीचे ओरखडे घालवते. शिवाय खड्ड्यात अडकलेला जाडा कण पॉलिशच्या वेळी सुटला, तर एकटा तो सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो.

पुढचे तिन्ही टप्पे साधारण एकेक आठवड्याचे. दगड झिजून पिंप रिकामे झाले तर सिरॅमिकच्या गोळ्या घालून भर घालावी. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, पिंप आणि झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने स्वच्छ घासावी. पॉलिशसाठी वेगळे पिंप ठेवले तर फारच बरे. आजी-आजोबा इकडे आलेले असतील तर रविवारी पिंप उघडण्याचे काम त्यांच्याकडे आणि नातवंडांकडे सोपवावे. धीर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतो.

शेवटी साबणाचा थोडा कीस आणि पाणी घालून काही तास फिरवले की पॉलिशची पांढरी पुटे निघतात.

दोन गोष्टींत हयगय नको

उरलेला राखाडी चिखल किचन सिंकमध्ये किंवा टॉयलेटमध्ये ओतू नये. तो पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि प्लंबरचे बिल यंत्राच्या किमतीवर जाते. बादलीत निवू द्यावा, वरचे पाणी बाहेर मातीत टाकावे आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा.

ओला असतानाच, कारण वाळलेल्या गाळाची धूळ फुप्फुसात जाऊ शकते. अकीक म्हणजे शुद्ध सिलिका. गुजरातमध्ये राजपिपळ्याजवळच्या रतनपूरचा अकीक पिढ्यान्‌पिढ्या खंभातला घासला जातो. तिथे चाकावर कोरडा दगड धरणाऱ्या अनेक कारागिरांना सिलिकोसिस झाला, आणि घरातच चाक असल्याने बायकामुलांनाही धूळ चुकली नाही. हा आजार बरा होत नाही. आपल्या पिंपात दगड ओला राहतो म्हणूनच हा छंद घरात चालतो. दगड हातोडीने फोडायचा तर बाहेर, ओला करून, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर एन-95 मास्क लावून फोडावा. हे काम मुलांना देऊ नये.

भाच्या-पुतण्यांसाठी यंत्र भारतात नेण्याचा विचार असेल, तर इथली मोटर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, हर्ट्झ 50 च राहतात आणि मोटर हळू फिरून तापते. त्यापेक्षा बॅगेत चकाकलेले खडेच न्यावेत.