पारा उडालेला आरसा

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणजे आपल्या घरांनाही पंचवीस वर्षं झाली. साहजिकच सध्या जवळजवळ प्रत्येक मजल्यावर रंगकाम, नवं फर्निचर असं काहीतरी चालू आहे. या कामात एक वस्तू हमखास घराबाहेर पडते. ती म्हणजे आजी-आजोबांच्या घरून आलेला, सागवानी चौकटीचा मोठा आरसा. "पारा उडालाय, आता काय उपयोग?" असं म्हणून तो जिन्याखाली जातो आणि तिथून भंगारवाल्याकडे. आपण नेमकं काय देऊन टाकतोय हे देण्याआधी कळावं, म्हणून हा लेख.

'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' या शब्दावरून आला. मूळचा आरसा काचेचा नव्हताच, धातू घासून चकचकीत केलेला असे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातल्या दर्पणसुंदरीच्या हातात जो छोटा गोल आरसा आहे तो त्याच परंपरेतला. केरळात आरन्मुळा गावी तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाचे आरसे आजही हाताने बनवतात. हे आरसे हातात धरायचे. भिंतीवर टांगायचा मोठा आरसा आला तो काचेबरोबर.

काचेच्या आरशाचं माहेर म्हणजे व्हेनिसजवळचं मुरानो बेट. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर नेल्या. पुढे सोळाव्या शतकात तिथले आरसे युरोपभर गाजले. पद्धत अशी होती की, कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वर काच अलगद सरकवायची आणि वजनं ठेवून जास्तीचा पारा दिवसेंदिवस निथळू द्यायचा. पारा आणि कथील एकजीव होऊन काचेला चिकटत. आपण अजूनही 'पारा उडाला' म्हणतो तो हाच पारा. त्याची किंमत कारागिरांनी आपल्या अंगावर मोजली. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याच्या वाफेने आरसे करणाऱ्यांना होणाऱ्या लकव्याची आणि दम्याची नोंद आहे.

मुरानोची मक्तेदारी फ्रान्सने मोडली. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली आरशांचा सरकारी कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फोडून आणले. इकडे पुरंदरचा तह झाला तेच हे साल. १६८४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातलं आरशांचं दालन पुरं झालं. त्यात १७ खिडक्यांसमोर १७ कमानी आणि ३५७ आरसे आहेत. हा कारखाना म्हणजेच आजची सेंट-गोबेन कंपनी. तिची काच आता चेन्नईजवळ बनते आणि आपल्यापैकी काहींच्या खिडक्यांनाही असेल.

पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह यांच्याच काळात आमेरच्या किल्ल्यातला शीशमहाल उभा राहिला. पण तिथे मोठे आरसे नाहीत, भिंतीत बसवलेले हजारो लहान तुकडे आहेत. पुढच्या शतकात भुजमध्ये कच्छच्या राव लखपतजींसाठी रामसिंग मालम या कारागिराने आईना महाल बांधला. काचकाम तो युरोपात जाऊन शिकला होता. आपल्या पुण्यातही शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत वाडा जळाला आणि तोही गेला. थोडक्यात, आरसा ही राजेरजवाड्यांची चीज होती. सामान्य घरात आरसा असे तो बाईच्या फणेरपेटीत, कुंकू लावण्यापुरता.

हे चित्र बदललं ते रसायनशास्त्रामुळे. १८३५ साली जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर बसवता येतो हे दाखवलं आणि पुढच्या काही दशकांत पाऱ्याची जागा चांदीने घेतली. त्याच सुमारास बेल्जियमच्या कारखान्यांतून काच जगभर जाऊ लागली. मुंबई बंदरात ती उतरली आणि वाड्यांच्या दिवाणखान्यांत, गोव्याच्या जुन्या घरांत, इराण्याच्या हॉटेलांत भिंतीभिंतीवर चढली. 'बेल्जियमचा आरसा' हे नाव तेव्हापासूनचं. मात्र पुढे कुठल्याही चांगल्या जाड काचेला बेल्जियम म्हणायची पद्धत पडली, त्यामुळे नुसत्या नावावर विश्वास ठेवू नये.

मग आपला आरसा जुना आहे हे ओळखायचं कसं? बाजूने हलत हलत पाहिलं की जुन्या काचेत प्रतिबिंब जरा लहरतं. कडेला पैलू पाडलेले असतील तर त्यावरून बोट फिरवा. हाताने घासलेले पैलू उथळ असतात, जेमतेम जाणवतात. मागची लाकडी फळी आणि हाताने ठोकलेले खिळेही बरंच सांगतात. काळे डाग पडतात ते आपल्या दमट हवेने चांदी काळवंडल्यामुळे. ते घाण नव्हे, वय आहे. म्हणून घाईने नवी काच बसवू नका किंवा मागचा थर खरवडून नवा मारून घेऊ नका. तसं केलं की उरते फक्त चौकट. मागचा थर कथलासारखा राखाडी आणि स्फटिकांसारखा चमचमणारा दिसला तर तो खरोखर पाऱ्याचा असू शकतो. त्याला अजिबात खरवडू नका, जाणकारालाच दाखवा.

काळजी सोपी आहे. आरशावर थेट पाणी किंवा स्प्रे मारू नये, कारण ओघळ चौकटीत शिरून थर खातो. कपड्यावर थोडंसं घेऊन पुसावं. बाथरूमच्या भिंतीवर किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये आणि मागे बोटभर फट ठेवावी. वजन बरंच असतं, तेव्हा एका खिळ्यावर भरवसा न ठेवता दोन मजबूत हूक लावावेत.

भंगारवाला आरशाचे पैसे देतो ते लाकडाचे. मुंबईच्या चोरबाजारात तोच आरसा पुसूनपासून 'अँटिक' म्हणून विकायला उभा असतो. पण किमतीचा प्रश्न बाजूला ठेवू. घरातल्या ज्या माणसांचा एकही धड फोटो नाही, त्यांनी या काचेत रोज स्वतःला पाहिलेलं आहे. तेव्हा आरसा जिन्याखाली ठेवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, हा कुठून आला, कोणी आणला, कोणत्या भिंतीवर होता. उत्तर मिळालं तर एका कागदावर लिहून मागच्या फळीला चिकटवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे करायला हवं.