मारिओ आणि फुकटचं कॅलेंडर

ठेवीदार हवा तर आधी फुकट कॅलेंडर द्यावं, हे बँकेत पहिल्याच वर्षी कळतं. क्योटोच्या निन्टेंडोला ते कळायला २०१५ साल उजाडलं. १८८९ साली पत्ते विकायला बसलेली आणि पुढे व्हिडिओ गेमवाली झालेली ही पेढी आपला मारिओ परक्या फोनवर धाडायला तयार नव्हती. अखेर अध्यक्ष सातोरू इवातांनी हिशेब मांडला: फोनवर ओळख होऊ द्या, गिऱ्हाईक आपल्या यंत्राकडे येईल. त्याच जुलैत बिचारे गेले. डिसेंबर २०१६ मध्ये मारिओ आयफोनवर धावला. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचे दहा डॉलर. लोक कुरकुरले! पण मार्च २०१७ मध्ये आलेलं ‘स्विच’ यंत्र पुढे पंधरा कोटींवर खपलं. श्रेय कॅलेंडरचं की व्याजदराचं? ते आमच्या मॅनेजरसाहेबांनाही कधी सांगता आलेलं नाही.