माशांची टाकी आणि हायपोचे खडे

शाळेतल्या माशांच्या टाकीची ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या अनुभवाची असेल. शनिवारी मुले टाकी रिकामी करतात, वाळू-खडे खसाखसा घासतात, नळाचे ताजे पाणी भरतात. टाकी लख्ख दिसते. सोमवारी मासे उताणे तरंगत असतात. मग ‘खाणे कोणी जास्त घातले?’ अशी चौकशी होते आणि एखादे मूल उगाच अपराधी ठरते. आम्हीही अशी चौकशी केली आहे. आज वाटते, प्रश्न मुलांना नव्हे, पाण्याला विचारायला हवा होता. त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने १८४९ साली काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजणारी पाने पाणी गढूळ करू लागली, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी ती पाने फस्त केली आणि भांड्यातला व्यवहार सुरळीत झाला. हे निरीक्षण त्याने १८५० साली प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद इंग्लंडभर पसरला. नळाच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

ती आली विषमज्वरामुळे. १९०५ साली इंग्लंडमधील लिंकन शहरात या रोगाची मोठी साथ आली. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी तेथील पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट घालायला सुरुवात केली. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यासाठी डॉ. जॉन लील यांनी हीच वाट धरली. पिण्याच्या पाण्यात ‘विष’ घातले म्हणून प्रकरण न्यायालयात गाजले. पण निकाल लील यांच्या बाजूने लागला. क्लोरीनने असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत, याबद्दल दुमत नाही.

मात्र जे आपल्याला तारते तेच माशाला मारते. आपण प्यालेल्या पाण्यातला किंचित क्लोरीन तोंडातल्या आणि जठरातल्या पदार्थांशी अभिक्रिया होऊन संपून जातो. माशाचे तसे नाही. त्याच्या कल्ल्यांमधून पाणी अखंड वाहते आणि तिथे पाणी व रक्त यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. क्लोरीन तो पडदाच जाळतो. भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. एवढाही माशाला घातक ठरू शकतो.

यावरचा उतारा छायाचित्रकारांच्या कपाटात होता. सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच ‘हायपो’, चांदीचे क्षार विरघळवते हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवले होते; १८३९ पासून ते छायाचित्रे पक्की करण्यासाठी वापरात आले. कापड आणि कागद गिरण्यांत विरंजनानंतर उरलेला क्लोरीन घालवायलाही हेच रसायन उपयोगी पडले. मत्स्यपालकांनी ते तिथून उचलले. प्रमाण किती लागते? एक भाग क्लोरीनला साधारण सात भाग हायपो. म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या २० लिटर पाण्याला फक्त २८ मिलिग्रॅम! मूठभर खडे टाकायची गरजच नसते. दुकानातल्या ‘पाणी सुधारणाऱ्या’ बऱ्याच बाटल्यांमध्येही मुख्य घटक हाच असतो.

पण हायपोने सगळे प्रश्न सुटत नाहीत. काही शहरांत क्लोरीनऐवजी अधिक टिकाऊ क्लोरामाइन वापरतात. कॅनडातील ओटावा येथे ही पद्धत १९१६ पासून होती. हायपो क्लोरामाइनमधला क्लोरीन निष्प्रभ करते, अमोनिया मात्र मागे उरतो. माशांच्या उत्सर्गातूनही अमोनिया बनतोच. त्याची विल्हेवाट कोण लावते? श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले की अमोनियाचे नायट्रेट करणारे सजीव असतात. क्लोरोफॉर्म दिल्यावर ही क्रिया थांबत होती! १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. घरगुती टाक्यांमध्ये नायट्राइटचे नायट्रेट मुख्यतः ‘नायट्रोस्पायरा’ गटातले जीवाणू करतात, हे तर १९९८ मध्ये कळले. हे जीवाणू वाळूवर आणि खड्यांवर वस्ती करतात. म्हणजे त्या शनिवारी माशांवर दुहेरी घाव पडला होता: क्लोरीन आत आला आणि अमोनिया खाणारे घासून बाहेर गेले.

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. ताज्या नळाच्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे दोन-चार कण, थोडे पिष्टाचे द्रावण आणि थेंबभर व्हिनेगर घाला. परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरा. क्लोरीन असेल तर निळसर छटा येईल. आता हायपोचा एक कण टाका; छटा नाहीशी होईल. हाच प्रयोग रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेल्या पाण्यावर आणि शाळेच्या गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यावर करा. तिन्हींत फरक का पडला, हे मुलांनाच सांगू द्या.

टाकीतले एकचतुर्थांश पाणीच एका वेळी बदलावे, वाळू टाकीतल्याच पाण्यात खळबळावी, हे नियम मग पाठ करून घ्यावे लागत नाहीत. आणि पुढच्या वेळी मासा मेला, तर मुले एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी परीक्षानळी शोधतील.