चंद्र, सूर्य आणि भूकंप

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर म्हणजे काळ्या फत्तराच्या पठारांत पडलेला, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा. पुराणकथेनें तो लवणासुराशीं जोडला. एकोणिसाव्या शतकांतील अनेक विद्वानांनीं त्यास ज्वालामुखीचें मुख मानलें. सभोंवार लाव्हारसाचाच खडक असल्यामुळें हा तर्क सहज पटे. परंतु प्रचंड आघातावांचून न घडणारे फेरबदल तेथील खनिजांत आढळले, आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हें विवर अशनिपातानें झाल्याचें दाखविलें. सहज पटणारें कारण खरें असतेंच असें नाहीं, हा लोणारचा धडा होय.

आकाश व भूमि यांच्या संबंधाविषयींची दुसरीहि एक समजूत याच कसोटीस लावण्याजोगी आहे. अमावास्या-पौर्णिमेस चंद्रसूर्यांची ओढ एका रेषेंत येऊन सागरास उधाण येतें. मग त्याच ओढीनें भूकंप कां होऊं नयेत? फ्रेंच विद्वान् आलेक्सी पेरे यानें भूकंपांच्या याद्या जमवून त्या सुमारास ते अधिक होतात असें प्रतिपादिलें. पुढें १८९७ सालीं आर्थर शूस्टर यानें निव्वळ योगायोगानेंहि अशा याद्यांत नियमाचा भास कसा होतो, हें गणितानें दाखविलें.

महाराष्ट्रांतील दोन दाखले पाहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक झोंपले असतां, किल्लारीचा भूकंप झाला. आकाशांत जवळजवळ पूर्णचंद्र होता. उलट ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयना हादरली, तेव्हां पौर्णिमेस पांच-सहा दिवस अवकाश होता. तो काळ उधाणापेक्षां भांगास जवळचा. तो भूकंप तर शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशीं जोडतात.

तरीहि ही ओढ अगदींच निष्प्रभ नाहीं. तिच्यामुळें कठीण भूमीहि रोज कांहीं इंच वर-खालीं होते. परंतु खडकांवर पडणारा तिचा ताण भूकंपांत मोकळ्या होणाऱ्या ताणाच्या सुमारें सहस्रांश, किंवा त्याहूनहि अल्प असतो. जो भंग तुटण्याच्या अगदीं बेतांत आला आहे, त्यासच ती शेवटचा धक्का देऊं शकेल. २०१६ सालच्या एका जपानी अभ्यासांत, ओढीचा ताण प्रबळ असतां मोठ्या भूकंपांचें प्रमाण किंचित् वाढतें असें आढळलें. चंद्रावर मात्र हा संबंध स्पष्ट आहे. अपोलो यात्रांनीं तेथें ठेवलेल्या यंत्रांनीं नोंदलेले खोल चंद्रकंप पृथ्वीच्या ओढीच्या मासिक फेऱ्याप्रमाणें होत असत.

पण पौर्णिमा वर्षांतून बारा-तेरा वेळां येते, आणि किल्लारीसारखी पहांट क्वचित् उगवते. पंचांगावरून भूकंपाचें भाकीत करतां येत नाहीं. किल्लारीच्या परिसरांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं, तीं बहुतांशीं दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचा भार अंगावर कोसळून. तिथीकडे पाहून भय धरण्यापेक्षां घराच्या भिंतीकडे पाहणें अधिक हिताचें.