हरळी मेली, झाडू आला

हरळी मारणं किती कठीण असतं, ते शेतकऱ्याला विचारावं. नांगरली, खणली, वेचून बांधावर फेकली, तरी एक पाऊस पडला की पुन्हा हिरवीगार. तिलाच आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो आणि इंग्रज तिला बर्म्युडा ग्रास म्हणतो. १९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात या चिवट घराण्यातलं एक खास संकरित वाण एका मैदानावर लावलं गेलं आणि काही महिन्यांत मेलं. आज रात्रीच्या प्रकाशझोतात, काचेच्या भिंतींमध्ये आपण ज्या निळ्या-हिरव्या गालिच्यावर पॅडेल खेळतो, त्याची गोष्ट या मरणापासून सुरू होते.

मैदान होतं ॲस्ट्रोडोम. बेसबॉलसाठी बांधलेलं, वर पूर्ण छप्पर असलेलं प्रचंड स्टेडियम. गवताला ऊन मिळावं म्हणून छपरात साडेचार हजारांहून अधिक पारदर्शक तावदानं बसवली होती. पण दिवसा त्या तावदानांतून अशी तिरीप यायची, की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. मग तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला आणि गवताचं ऊन गेलं. मोसमाचा उरलेला भाग मेलेल्या गवतावर आणि मातीवर हिरवा रंग मारून काढावा लागला.

उपाय मात्र आधीच तयार होता, आणि तो स्टेडियमसाठी शोधलेला नव्हता. शहरातल्या मुलांना खेळायला मोकळी जमीन नाही, म्हणून ती गावाकडच्या मुलांपेक्षा अशक्त राहतात, अशी चिंता तेव्हा अमेरिकेत होती. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर चालणाऱ्या एका शिक्षणसंस्थेला शहरी शाळांसाठी न झिजणारी, बारमाही जमीन हवी होती. मोन्सँटो कंपनीने नायलॉनचं गवत विणलं आणि १९६४ मध्ये ते प्रॉव्हिडन्स इथल्या मोझेस ब्राउन शाळेत अंथरलं. नाव होतं केमग्रास. १९६६ मध्ये ते ॲस्ट्रोडोममध्ये आलं आणि ॲस्ट्रोटर्फ या नावाने जगभर गेलं.

या गवताला पाणी नको, ऊन नको, कापणी नको. मग माणूस तरी कशाला हवा? उत्तर पहिल्याच मोसमात मिळालं. ॲस्ट्रोडोममध्ये अंतराळवीरांसारखे पोशाख घातलेले कर्मचारी व्हॅक्युम क्लीनर घेऊन मैदानात उतरायचे आणि प्लास्टिकचं गवत झाडायचे. प्रेक्षकांना ती गंमत वाटली. पण गवत कृत्रिम असलं तरी धूळ खरीच होती. माळ्याचं काम संपलं नव्हतं, त्याच्या हातातलं हत्यार तेवढं बदललं होतं.

पुढचा अध्याय भारताला लागला. मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूरला खऱ्या गवतावर पाकिस्तानला २-१ ने हरवून आपण हॉकीचा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. तिथे ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६-१ ने हरवलं आणि विश्वविजेते सातवे आले. सगळा दोष मैदानाला देणं सोपं आहे आणि अपुरंही. पण एक गोष्ट नक्की. ज्यांच्याकडे असं मैदान होतं ते त्यावर सराव करू शकत होते. बाकीच्यांनी धुळीत सराव करायचा आणि परीक्षा गालिच्यावर द्यायची. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतल्या मऊ, धुळीच्या मैदानावर, मोडक्या स्टिकनी खेळत धनराज पिल्ले घडला, तो याच काळानंतर. शिवाय वरच्या दर्जाच्या हॉकीच्या टर्फवर सामन्याआधी पाणी मारावं लागतं, म्हणजे चेंडू वेगात पळतो आणि पडल्यावर कातडी सोलत नाही. पाणी नको म्हणून आलेलं गवत इथे पाणी मागत होतं.

पॅडेलच्या कोर्टचा जवळचा पूर्वज मात्र हॉकीचं पाण्याचं टर्फ नव्हे, वाळूचं टर्फ. नुसते नायलॉनचे आखूड, दाट धागे कडक आणि खरखरीत असत. म्हणून दुसऱ्या पिढीत धागे थोडे लांब आणि विरळ ठेवून त्यांच्यामध्ये वाळू भरली जाऊ लागली. १९८१ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने फुटबॉलसाठी असं मैदान घातलं. चेंडू इतका उसळायचा की पाहुणे संघ वैतागले. १९८८ मध्ये तिथे पुन्हा खरं गवत आलं. फुटबॉलने नाकारलेली ही वाळू एका लहान खेळाला मात्र मानवली.

तो खेळ १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कोर्कुएरा यांच्या घराच्या आवारात सुरू झाला. १९७४ मध्ये होहेनलोहे घराण्यातल्या प्रिन्स अल्फोन्सोने तो स्पेनमध्ये मार्बेयाला नेला. सुरुवातीची कोर्टं सिमेंटची होती. गुडघ्यांना सिमेंट जड जातं आणि घसरत जाऊन चेंडू घेता येत नाही. वाळू भरलेल्या आखूड गवतावर हे दोन्ही प्रश्न सुटतात, म्हणून पुढे तेच रूढ झालं.

आता या २० बाय १० मीटरच्या चौकटीत काय घडतं ते बघा. धागा जेमतेम सेंटीमीटरभर उंच. त्याला उभं धरते ती वाळू, आणि गालिचा जमिनीला दाबून ठेवते तीही वाळूच. एका कोर्टला लागणारी वाळू टनांत मोजतात. बांधकामाची वाळू इथे चालत नाही. तिच्यात माती असते, कण टोकदार असतात, ती घट्ट बसते आणि धागे कापते. धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू लागते. खेळाडू धावतात, थांबतात, वळतात, तशी ही वाळू मधून सरकते आणि कोपऱ्यांत, काचेच्या कडेला साचते. जिथे वाळू कमी तिथे बूट अडकतो आणि गुडघा पिळवटतो. जिथे जास्त तिथे पाय निसटतो. उघडा पडलेला धागा आडवा होतो, आणि एकदा मोडून आडवा झालेला धागा पुन्हा उभा राहत नाही.

म्हणून कोपऱ्यातली वाळू परत मध्ये आणायची. धागे उभे राहतील अशा उलट्या दिशेने ब्रश फिरवायचा. पानं कुजायच्या आत उचलायची. बुटांबरोबर बाहेर गेलेली वाळू पुन्हा भरायची. सांधे उसवलेत का ते पाहायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, सावलीतल्या कडेला शेवाळ धरू द्यायचं नाही. हे सगळं न वाढणाऱ्या गवतासाठी.

कसोटीच्या आदल्या दिवशी खेळपट्टी करणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बोलावतात, क्युरेटर म्हणतात, गवत किती ठेवलंय ते विचारतात. पॅडेल कोर्टवर ब्रश फिरवणाऱ्याला असं नाव नाही. तो सफाईवाला, स्टाफ किंवा नुसता ‘पोरगा’. काम जाणत्या हाताचं आहे, पण ‘मेन्टेनन्स फ्री’ हा शब्द एकदा वापरला की त्या कामाचा हिशोबच मांडावा लागत नाही. पुढे गुडघे दुखतात तेव्हा खेळणाऱ्याला आपलं वय आठवतं, वाळू आठवत नाही.

आणि निगा राखली नाही, तर गालिचा वेळेआधी उखडावा लागतो. प्लास्टिकचे धागे, मागचा चिकट थर आणि वाळू एकमेकांत इतकी मुरलेली असतात की ती वेगळी करणं कठीण आणि महाग. हरळी मेली तेव्हा निदान तिची माती झाली. ही मेली की दोनशे चौरस मीटरची गुंडाळी उरते आणि ती कुठे टाकायची हा प्रश्न उरतो. तो प्रश्न लांबवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय साठ वर्षांपूर्वी ह्यूस्टनला होता तोच आहे: वेळेवर झाडणारा एक माणूस, आणि त्याच्या कामाचा रीतसर पगार.