आनंदनगरीचे दरवाजे केव्हा बंद होतात?

#थ्रेड

१/
११ सप्टेंबर २००१. फ्लोरिडातील ओरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्डची उद्याने नेहमीप्रमाणे उघडत होती. ८ वाजून ४६ मिनिटांनी न्यूयॉर्कमध्ये पहिले विमान इमारतीवर आदळले. थोड्याच वेळात व्यवस्थापनाने एक अवघड निर्णय घेतला: हजारो पर्यटकांना, त्यांत असंख्य लहान मुलांना, घबराट न माजवता बाहेर काढायचे.

२/
त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यांच्या आठवणींत एक दृश्य वारंवार येते. कर्मचारी एकमेकांचे हात धरून साखळी करत आणि ती साखळी रस्त्यावरून हळूहळू पुढे सरकत गर्दीला प्रवेशद्वाराकडे नेत असे. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाट होती. तेथील डिस्नेलँड त्या दिवशी उघडलेच नाही. मात्र दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरला, दोन्हीकडचे दरवाजे पुन्हा उघडले.

३/
देशातील विमाने अजून जमिनीवरच होती, ढिगाऱ्याखाली शोध सुरू होता, आणि परीकथेतील राजवाड्यासमोर पुन्हा संगीत वाजू लागले. ही संवेदनशून्यता होती की आणखी काही? याचे उत्तर शोधण्यासाठी थीम पार्क नावाचा व्यवसाय मुळात काय विकतो, हे पाहावे लागते.

४/
१७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. तोवर अमेरिकेतील करमणुकीच्या बागा म्हणजे आपल्याकडील जत्रेसारखा प्रकार होता: पाळणे, खाद्यपदार्थ, गोंगाट, घाण. वॉल्ट डिस्ने यांनी उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला. आत आलेल्या माणसाला बाहेरचे जग दिसू नये, हा त्याचा हेतू होता. या व्यवसायाचा खरा पाया तो बांध आहे.

५/
अनाहाइममध्ये बांधाबाहेर लगेचच दुसऱ्यांची हॉटेले आणि दुकाने उभी राहिली. म्हणून फ्लोरिडात कंपनीने सुमारे २७,००० एकर जमीन घेतली आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे नवे रिसॉर्ट उघडले. आता पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी परतत नव्हता. तो आठवडाभर मुक्कामाला येत होता. चिंतेपासून मुक्त असा आठवडा, हाच येथील मुख्य माल.

६/
अशा जागी शोक कसा पाळायचा? २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी डिस्नेलँड बंद राहिले. १५ डिसेंबर १९६६ रोजी खुद्द वॉल्ट डिस्ने यांचे निधन झाले, तेव्हा मात्र उद्यान चालू ठेवण्यात आले. राष्ट्राच्या दुःखासाठी दार बंद झाले, मालकाच्या मृत्यूने ते बंद झाले नाही.

७/
२००१ चे संकट वेगळ्या जातीचे होते. येथे शोकाबरोबर भीतीही होती. विमानात बसण्याची भीती आणि गर्दीच्या प्रसिद्ध ठिकाणी जाण्याची भीती. ओरलँडोचा अर्थव्यवहार नेमका याच दोन गोष्टींवर चालतो. २७ सप्टेंबरला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर बोलताना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नागरिकांना प्रवास करण्याचे आवाहन केले आणि त्यात डिस्ने वर्ल्डचे नाव घेतले. सहलीला जाणे हे क्षणभर देशकार्य ठरले.

८/
तरीही भीती भाषणांनी जात नाही. वॉल्ट डिस्ने यांच्या जन्मशताब्दीचा उत्सव १ ऑक्टोबर २००१ रोजी ठरल्याप्रमाणे सुरू झाला, पण पर्यटक घटले होते. कर्मचाऱ्यांचे कामाचे तास कमी झाले. पॉप सेंच्युरी या नव्या हॉटेलचे उद्घाटन लांबले. त्याचा पहिला भाग डिसेंबर २००३ मध्ये उघडला. तलावापलीकडचा दुसरा भाग अर्धवट बांधकामाच्या अवस्थेत कित्येक वर्षे रिकामा उभा राहिला.

९/
त्याच जागी २०१२ मध्ये आर्ट ऑफ ॲनिमेशन हे वेगळेच हॉटेल सुरू झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा इमारतींकडे नीट पाहावे. ताळेबंदातील मंदीचे आकडे लोक विसरतात. पण छप्पर असूनही दिवा न लागलेली एक हॉटेल-इमारत त्या काळातील भीतीचा पुरावा म्हणून दशकभर डोळ्यांसमोर होती.

१०/
दुसरी खूण आकाशात आहे. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात तरतूद करून डिस्नेच्या अमेरिकेतील दोन्ही स्थळांवरील उड्डाणबंदी कायम केली: ३ सागरी मैलांच्या परिघात, ३,००० फुटांपर्यंत. तिचा आणखी एक परिणाम झाला. जाहिरातीचे फलक ओढत राजवाड्यावरून जाणारी छोटी विमानेही नाहीशी झाली. बांध आता आभाळापर्यंत पोहोचला.

११/
जमिनीवरही बदल झाले. २००१ नंतर प्रवेशद्वारांवर पिशव्यांची तपासणी सुरू झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ले झाले, तेव्हा डिस्नेलँड पॅरिस चार दिवस बंद राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड यांच्या अमेरिकी उद्यानांत मेटल डिटेक्टर आले. डिस्नेच्या दुकानांतून खेळण्यातील बंदुका गेल्या, १४ वर्षे व त्यापुढील पाहुण्यांना पात्रांचा पोशाख घालून येण्यास मनाई झाली.

१२/
येथवरचे धोके बाहेरून आलेले होते. त्यांत उद्यान हेही पीडितांच्या बाजूला उभे राहते. दुर्घटना उद्यानाच्या आत, त्याच्याच यंत्रावर घडते, तेव्हा काय होते? २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथे ‘स्मायलर’ या रोलरकोस्टरची भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या चाचणी-गाडीवर आदळली. १६ जण जखमी झाले. दोन तरुणींना पाय गमवावा लागला.

१३/
सुरक्षायंत्रणेने गाडी थांबवली होती. पुढे गाडी उभी आहे हे अभियंत्यांच्या लक्षात आले नाही आणि त्यांनी यंत्रणेला बगल देऊन गाडी सोडली. मालक कंपनी मर्लिनने जाहिराती थांबवल्या, उद्यान काही दिवस बंद ठेवले आणि पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१६ मध्ये तिला ५० लाख पौंडांचा दंड झाला. दोष एखाद्या कामगाराचा नसून कामाच्या पद्धतीचा होता, हे त्या खटल्यातून स्पष्ट झाले.

१४/
दंड कंपनीने भरला, पण किंमत इतरांनीही मोजली. पर्यटक घटल्यामुळे ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑल्टन टॉवर्समधील १९० पर्यंत नोकऱ्या जातील असे जाहीर झाले. ज्यांचा त्या राइडशी काही संबंध नव्हता, अशा माणसांवरही घबराटीची झळ आली. मार्च २०१६ मध्ये स्मायलर पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी रांग लागली.

१५/
२५ ऑक्टोबर २०१६. ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्ड. ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ या १९८६ पासूनच्या जलराइडवर पंप बंद पडला, पाण्याची पातळी घसरली आणि एक तराफा अडकला. मागून आलेला दुसरा तराफा त्याला धडकला. खालचा सरकता पट्टा चालूच राहिला. चौघांचा मृत्यू झाला. तोच पंप त्या दिवशी आधीही दोनदा बंद पडला होता.

१६/
कंपनीने तीन दिवसांत उद्यान उघडण्याचे ठरवले होते. पोलीस तपास सुरू असताना हा बेत सोडावा लागला. त्याच आठवड्यात भागधारकांच्या सभेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या बोनसचा विषय आला आणि संताप उसळला. ती रक्कम रेड क्रॉसला देण्याचे जाहीर करावे लागले. उद्यान १० डिसेंबरला उघडले, ती राइड कायमची पाडली गेली, २०२० मध्ये ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

१७/
२००१ मध्ये दुसऱ्याच दिवशी दार उघडणे धीराचे वाटले होते; २०१६ मध्ये तिसऱ्या दिवशी उघडण्याचा विचारही निर्दय वाटला. फरक दिवसांचा नव्हता. पहिल्या वेळी लोकांचा प्रश्न होता, ‘आपण घाबरून घरी बसायचे का?’ दुसऱ्या वेळी प्रश्न होता, ‘हे कसे घडले?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दार उघडता येत नाही.

१८/
आता पुन्हा ओरलँडो, जून २०१६. १२ तारखेला पल्स नाइट क्लबमधील गोळीबारात ४९ जण मारले गेले. मृतांत युनिव्हर्सलच्या हॅरी पॉटर राइडवरील एक तरुण कर्मचारीही होता. सहकाऱ्यांनी जादूच्या छड्या उंचावून त्याला निरोप दिला. डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या मालक कंपनीने पीडितांच्या निधीला प्रत्येकी १० लाख डॉलर दिले. हल्लेखोराचे मूळ लक्ष्य डिस्नेचा बाजारपरिसर होता, असे सरकारी वकिलांनी २०१८ मध्ये न्यायालयात सांगितले.

१९/
१४ तारखेच्या रात्री डिस्नेच्या ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलच्या कृत्रिम किनाऱ्यावर मगरीने एका दोन वर्षांच्या मुलाला पाण्यात ओढून नेले. मूल वाचले नाही. कंपनीचे प्रमुख बॉब आयगर तेव्हा शांघायमध्ये होते. १६ तारखेला तेथील नव्या उद्यानाचे उद्घाटन होते. आपल्या आत्मचरित्राची सुरुवातच त्यांनी या दिवसांनी केली आहे. त्यांनी दूरध्वनीवरून मुलाच्या पालकांशी बोलून, असे पुन्हा घडू नये यासाठी शक्य ते सर्व करण्याचा शब्द दिला.

२०/
त्या किनाऱ्यावर पाटी होती. ‘पोहण्यास मनाई’ एवढेच तिच्यावर लिहिले होते. का, हे लिहिले नव्हते. फ्लोरिडात दहा लाखांहून अधिक मगरी आहेत, हे स्थानिक माणसाला शाळेत असल्यापासून ठाऊक असते. दूर राज्यातून आलेल्या कुटुंबाला ते कोण सांगणार? आनंदनगरीत ‘मगर’ हा शब्द नको, हा संकेत कुणी कागदावर लिहिला नसेलही, पण पाटीवरून तो वाचता येत होता.

२१/
दुर्घटनेनंतर किनाऱ्यांवर दोर आणि दगडी कुंपणे आली, मगरी व सापांचा स्पष्ट उल्लेख असलेल्या नव्या पाट्या आल्या. मिरवणुका आणि राइडमधून मगरीची पात्रे व विनोद काही काळ वगळले गेले. पुढच्या वर्षी त्या हॉटेलच्या आवारात मुलाच्या स्मरणार्थ छोट्या दीपगृहाचे शिल्प उभारले गेले. विस्मरण घडवणे हाच जिथला धंदा, तिथे स्मरणासाठी जागा काढावी लागली.

२२/
१९५५ चा मातीचा बांध बाहेरचे जग दिसू नये म्हणून घातला होता. साठ वर्षांत त्यावर तपासणीची टेबले, मेटल डिटेक्टर आणि उड्डाणबंदी यांचे थर चढले. बाहेरच्या धोक्यांपुढे तो बऱ्याच अंशी उपयोगी पडला. पण आतले नादुरुस्त पंप, घाईत दिलेली आज्ञा आणि अर्धवट पाटी त्याच बांधाने पर्यटकांच्या नजरेआड ठेवली.

२३/
घाबरलेला पर्यटक हा या व्यवसायाचा अडसर मानला जातो. इतिहास थोडे वेगळे सांगतो. थीम पार्क आज जितके सुरक्षित आहे, तितके ते अशाच घाबरलेल्या, नाराज, प्रश्न विचारणाऱ्या माणसांमुळे झाले आहे. ड्रीमवर्ल्डचे दार तिसऱ्या दिवशी उघडले नाही ते त्यांच्या संतापामुळेही; आणि ओरलँडोतील पाटीवर ‘मगर’ हा शब्द आला तो एका मुलाच्या मृत्यूनंतर.

(समाप्त)